सही आपली, हिशेब परक्याचा!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतील एखाद्या जुन्या पेढीवर क्षणभर उभे राहून पाहावे. गादीवर पांढरी चादर, पाटावर लाल कापडी बांधणीची कोरी वही, पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक, 'श्री' आणि 'शुभ-लाभ'. भोवती झेंडूची फुले आणि लाह्या-बत्तासे. सारा हिशेब आता संगणकात गेला असला तरी पूजेपुरती एक वही येतेच. वर्षभर कीर्द-खतावणी लिहिणारे दिवाणजी तेथे बसलेले असतात. पण वहीला हळदकुंकू वाहतो तो मालक. लिहिणारा कोणीही असो, वही मालकाची, हे त्या पेढीवरच्या पोरालाही कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता, वाचकहो, आपल्या घरी या. आपण म्हणजे नोकरदार, पेन्शनर, शिकलीसवरलेली मंडळी. लक्ष्मीची पूजा आपणही करतो. चांदीची नाणी घासूनपुसून मांडतो, केरसुणीला हळदकुंकू लावतो. वही तेवढी नसते! ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून चार्टर्ड अकौंटंटकडे धाडलेली असते. पगाराचे प्रमाणपत्र, बँकेची पासबुके, विम्याच्या पावत्या, औषधांची बिले आणि चुकून आत गेलेली एखादी लग्नपत्रिका! "साहेब, काय ते बघा आणि कर कमीत कमी बसवा," एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले. पूर्वी निदान सही करायला जावे लागे. आता मोबाइलवर सहा आकडे येतात. भाजी निवडता निवडता ते फोनवरून सांगून टाकले की विवरणपत्र सत्यापित! कसले सत्य आणि कोणी पाहिले? त्या सहा आकड्यांनी आपण असे प्रतिज्ञेवर लिहून दिलेले असते, की यातील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे. ज्याने एक ओळ वाचली नाही त्याची ही प्रतिज्ञा!

माझे म्हणणे एवढेच, की ही शुद्ध आळशीपणाची नव्हे, अप्रामाणिकपणाची सवय आहे; आणि ती आपल्यासारख्या सभ्य घरांतच अधिक मुरलेली आहे. हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? माझ्याच घरात ती मुरली होती, त्या अधिकाराने.

चिरंजीव पुण्यातच एका कंपनीत नोकरीला आहेत. राहतात आमच्याच घरात, जेवतात आमच्याच पंगतीला. दोन वर्षे लागोपाठ, जानेवारीत त्यांनी माझ्यापुढे काही कागद ठेवले. "बाबा, ऑफिसात द्यायच्या पावत्या आहेत. नुसत्या सह्या करा." मी मुलाकडून दरमहा पंधरा हजार रुपये घरभाडे घेतो, अशा त्या पावत्या. मी विचारले, "हे काय?" तर उत्तर आले, "सगळेच करतात. परतावा मिळवून देणारा एक माणूस आहे, त्याने सांगितले आहे." वर्षाचे भाडे एक लाखावर गेले की घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, तोही मी दिला. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून नक्कल केलेली ओळ नेमकी पकडणारा मी मास्तर, चष्मा लावून चोवीस खोट्या सह्या केल्या!

बिंग फुटले ते सरकारी नोटिशीने नव्हे. सौ. घरखर्चाची वही लिहिते. तिचे वर्ष अजूनही दिवाळी ते दिवाळी. २०२४ च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती बेरजा मारीत होती आणि बापलेकांत परताव्याची काही बोलणी चालली होती. ती ऐकून तिने मान वर केली. "अहो, पंधरा हजार भाडे दरमहा येते म्हणता, मग माझ्या वहीत ते जमा का नाही?"

आम्ही दोघेही गप्प. तिने पुन्हा विचारले, "आणि येत असेल, तर तुमच्या विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवले आहे का?"

दिव्यांच्या उजेडात त्या बाईने आमच्या अब्रूचा ताळेबंद दोन वाक्यांत मांडला. आईवडिलांना भाडे देणे गुन्हा नाही. खरोखर दिलेले असेल, बँकेतून गेलेले असेल, आणि वडिलांनी ते आपले उत्पन्न म्हणून दाखवले असेल तर कायद्याला ते मान्य आहे. आमच्या घरात मात्र एकच पैसा मुलाच्या कागदावर खर्ची पडला होता, बापाच्या कागदावर जमा नव्हता, आणि मुळात घडलेलाच नव्हता.

पाडवा-भाऊबीज होताच आम्ही एका चार्टर्ड अकौंटंट बाईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आकडे मांडले. मूळ पगार सहा लाख; भाड्यातून त्याचा दशांश वजा जाता १,२०,००० रुपयांची सूट खोटी घेतलेली; चिरंजीव तीस टक्क्यांच्या पायरीवर, म्हणून उपकरासह वर्षाचा चुकवलेला कर ३७,४४० रुपये. चालू विवरणपत्र डिसेंबरअखेरपर्यंत सुधारता येत होते. तेथे कर आणि व्याजावर निभावले. आदल्या वर्षासाठी 'अद्ययावत विवरणपत्र' भरावे लागले. तेथे कर, व्याज, आणि त्या दोहोंच्या बेरजेवर २५ टक्के अधिक कर. खाते स्वतः होऊन दारात आले असते तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे, हेही त्यांनी सांगितले. परताव्याच्या माणसाने आपली टक्केवारी केव्हाच कापून नेली होती. तो काही ती परत द्यायला आला नाही.

येथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. हा टक्केवारीवाला आणि चार्टर्ड अकौंटंट यांची गल्लत करू नका. १९४९ च्या कायद्याने हा व्यवसाय बांधला गेला, आणि काही नेमके अपवाद सोडले तर निकालाच्या टक्केवारीवर फी घेणे त्याला मना आहे. कारण उघड आहे. परतावा जितका फुगेल तितकी ज्याची मिळकत फुगते, त्याच्या हाती खरेपणाची तागडी कशी द्यायची? चांगला हिशेबनीस ओळखण्याची माझी खूण आता ठरली आहे. तो प्रश्न फार विचारतो. "याची पावती कुठे? हे व्याज कुणाच्या नावे?" आपल्याला मात्र जो काहीच विचारीत नाही तो हुशार वाटतो!

आमच्या घरची ही कथा एकट्याची नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर मोहीम उघडली. महाराष्ट्रही त्यात होता. घरभाडे, राजकीय पक्षांच्या देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आरोग्यविमा, ज्या ज्या सुटी प्रामाणिक माणसाच्या अडचणीसाठी होत्या, त्यांच्या खोट्या पावत्यांचा बाजार भरला होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतले, असे खात्यानेच जाहीर केले. या चाळीस हजारांत दरोडेखोर किती असतील? बहुतेक पगारदारच असणार. तुमच्या-माझ्यासारखे, सत्यनारायण घालणारे.

यावर ठरलेले आक्षेप येतात. ते मला पाठ आहेत, कारण मीच ते केले होते.

पहिला आक्षेप, 'बडे लोक कोट्यवधी बुडवतात, मग आम्हीच का?' बडे बुडवतात हे खरे. त्यांना पकडा म्हणून ओरडण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण तो हक्क ज्याच्या खिशात खोटी पावती आहे त्याच्या घशातून खणखणीत निघत नाही. आपला आवाज आपणच गहाण टाकतो.

दुसरा आक्षेप, 'कर भरून मिळते काय? रस्त्यावर खड्डे!' खड्ड्यांचा जाब नगरसेवकाला विचारा, आमदाराला विचारा, मतपेटीत विचारा. मुलाकडून भाडे घेतल्याची खोटी पावती हा खड्ड्याचा निषेध कसा होतो, हे मला अद्याप कळलेले नाही.

तिसरा आक्षेप, 'कर फार आहे.' या सबबीला एके काळी धार होती. १९७३-७४ साली सर्वोच्च पायरीवर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती राहायचे. त्या काळच्या चोरीचेही मी समर्थन करीत नाही, पण तिचे दुःख समजू शकतो. आज सर्वांत वरची पायरी, अतिश्रीमंतांचा अधिभार सोडला तर, तीस टक्क्यांची आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही, आणि सवलतीमुळे बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नाला तो शून्यावर येतो. पगारदाराला प्रमाणित वजावटीचे ७५,००० आणखी. या पद्धतीत घरभाड्याची सूटच नाही. म्हणजे खोट्या पावतीचे निमित्तही कायद्याने काढून घेतले आहे. सवय मात्र गेली असे समजू नका. जुनी पद्धत मागून घेता येते आणि पावत्यांची पुस्तके बाजारात मिळतात.

चौथा आक्षेप सर्वांत गोड आहे. 'आम्हाला यातले कळत नाही. कायदा किती किचकट!' किचकट होताच. १८६० साली जेम्स विल्सनने सत्तावनच्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी आपल्याकडे हा कर आणला. पुढे १९२२ चा कायदा आला, मग १९६१ चा. साठ वर्षांत त्या शेवटच्याला इतकी ठिगळे लागली की ८१९ कलमे आणि पाच लाखांवर शब्द झाले. २०२५ सालच्या नव्या कायद्याने ती ५३६ कलमांवर आणि सुमारे दोन लाख साठ हजार शब्दांवर आणली. १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा पहिला दिवस. 'पूर्व वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हे कोडे जाऊन एकच 'कर वर्ष' आले. चांगले झाले. पण जो माणूस पाच लाख शब्दांपैकी एकही वाचत नव्हता, त्याच्यासाठी अडीच लाखांनी काय फरक पडणार?

आणि कायदा सारा वाचायला सांगतो कोण? स्वतःचा कागद वाचा! खात्याच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण मिळते. बँकेचे व्याज, लाभांश, शेअर्सची खरेदी-विक्री, सारे तेथे मांडलेले असते. जे सरकारला ठाऊक आहे ते आपल्यालाच ठाऊक नसावे? 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य चहाच्या टपरीपर्यंत पोचले. पण चार लाखांवर उत्पन्न गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरायचे असते, आणि शेअर्स विकून झालेल्या, विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्याला ती सवलत नाही, हे किती घरांत ठाऊक आहे? पत्नीला पैसे देऊन तिच्या नावे ठेव ठेवली, तरी तिचे व्याज पतीच्या उत्पन्नात धरतात, हे किती पतींनी आपल्या पत्नीला सांगितले आहे? कित्येक माऊल्या तर विवरणपत्र आपल्या नावे जाते एवढेच जाणतात. पती गेल्यावर टेबलाच्या खणातून नोटीस निघते आणि मग त्या सही कुणाची म्हणून पाहतात, तर स्वतःची!

जुन्या काळी व्यापाऱ्याला आयकरासाठीही दिवाळी ते दिवाळी वर्ष धरता येई. १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सर्वांना एकच, मार्चअखेरचे वर्ष लागू झाले. सरकारचे वर्ष मार्चमध्ये संपो. घराचे वर्ष दिवाळीला संपवायला कोणाची आडकाठी आहे? सहामाहीही तेव्हाच होते. चूक सापडली तर निस्तरायला अवधी राहतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. या लक्ष्मीपूजनाला पाटावर नाण्यांशेजारी एक दोनशे पानी वही ठेवा. पूजा झाली, फराळाची ताटे उचलली, की घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने आपले कागद घेऊन बसावे. काय आले, कुठून आले, कुणाच्या नावे आहे, हे मोठ्याने वाचावे. मुलांना ऐकू द्या. मग जुलैत हिशेबनिसाकडे अवश्य जा. त्याची विद्या त्याची आहे, तिचे मोल द्या. पण जाताना पिशवी नेऊ नका, वही न्या. आणि ते सहा आकडे सांगण्यापूर्वी त्याने लिहिलेले पान वाचून पाहा.

आमच्या घरी आता हा नेम झाला आहे. सौ. वाचते, चिरंजीव लिहितात. माझ्याकडे सहीचे काम आहे. पण पान तिने पाहिल्याखेरीज मला पेन मिळत नाही.