तापीच्या मागोमाग समुद्रापर्यंत

खान्देशाला समुद्रकिनारा नाही आणि जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक मुलांची समुद्राशी पहिली ओळख भूगोलाच्या पुस्तकातील नकाशावर पश्चिमेला पसरलेल्या निळ्या रंगातून होते. त्यामुळे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडील दोन-तीन दिवसांची सवड काढून मुलांना समुद्रावर नेतात, तेव्हा त्या लहानशा सहलीवर फार मोठ्या अपेक्षांचे ओझे पडते. पुन्हा कधी जाणे होईल याची खात्री नसल्याने किनाऱ्याच्या जोडीला दोन देवस्थाने, एखादे वॉटरपार्क आणि सुरतेचा कापडबाजारही त्यात कोंबला जातो, आणि ज्यासाठी एवढी धावपळ केली तो समुद्र मुलांच्या वाट्याला येतो संध्याकाळच्या तासाभरापुरता. सहल मोठी करण्यापेक्षा तिची ओढ वाढवणे अधिक फलदायी ठरते, आणि खान्देशातील मुलांच्या बाबतीत ही ओढ निर्माण करणारी गोष्ट त्यांच्या घराजवळूनच वाहत असते, कारण ज्या समुद्राकडे ती निघतात तिथे त्यांचीच नदी जाऊन मिळालेली आहे.

तापी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेच्या पुढे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. दख्खनच्या पठारावरील गोदावरी, कृष्णा यांसारख्या मोठ्या नद्या पूर्वेकडे बंगालच्या उपसागराची वाट धरतात, तर तापी नर्मदेप्रमाणे पश्चिमवाहिनी आहे; उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळा यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यातून ती वाहते आणि या पट्ट्यालाच आपण खान्देश म्हणून ओळखतो. चांगदेवला तिला पूर्णा मिळते, पुढे जळगावकडची गिरणा, अमळनेरची बोरी आणि धुळ्याची पांझरा तिच्यात येऊन मिसळतात. यांतील पांझरेची वाट तर मुलांना सांगावी अशीच आहे, कारण साक्री तालुक्याच्या डोंगरात, म्हणजे समुद्राच्या बऱ्याच जवळ, उगम पावूनही ती समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला धुळ्यापर्यंत येते, तिथून पुढे उत्तरेला वळते, मुडावदला तापीला मिळते आणि मग तापीच्या सोबतीने आली होती त्याच दिशेला, पश्चिमेला, परत फिरते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात मुलांनी ही वाट नकाशावर पेन्सिलीने काढली, एखाद्या रविवारी चांगदेव किंवा मुडावदचा संगम प्रत्यक्ष पाहिला, आणि तापी ही सूर्याची कन्या मानली जाते, आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती साजरी होते, ही कथा आजीच्या तोंडून ऐकली, तर सहलीचा एक मोठा भाग घर न सोडताच आणि काहीही खर्च न करता पार पडतो.

प्रवासाचा मार्गही या नदीच्या आधाराने आखलेला आहे. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरत आणि खान्देश जोडले गेले, आणि आजही जळगावहून निघालेली गाडी धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली असे टप्पे घेत उधना व सुरतेला पोहोचते. हा लोहमार्ग तापीच्या दक्षिणेकडून जातो, म्हणून वाटेत तापी ओलांडावी लागत नाही, परंतु तिला मिळणाऱ्या गिरणा, बोरी आणि पांझरा या तिन्ही नद्यांवरून गाडी जाते. प्रत्येक पुलावर नदीचे नाव सांगायचे काम मुलांकडे सोपवले, तर तीनशे किलोमीटरचे अंतर मोबाइलशिवायही सरते. हिवाळ्यात नंदुरबारच्या परिसरात वाळत घातलेल्या मिरच्यांनी लाल झालेली पटांगणे दिसतात, तीही खिडकीजवळच्या जागेचे चीज करतात. धुळ्याकडचे लोक मात्र बहुधा साक्री, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर, सोनगड या महामार्गाने जातात, आणि त्यांना सोनगडजवळ १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा जलाशय पाहण्याची संधी असते, जिथे खान्देशातून वाहून आलेले पाणी अडवलेले आहे.

या दिशेची निवड केवळ भूगोलामुळे होते असे नाही. सुरतेतील उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खान्देशातून कापडउद्योगाच्या आधाराने गेलेली असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, तिथल्या गल्ल्यांमध्ये अहिराणी सहज कानावर पडते, आणि म्हणून जळगाव-धुळ्याच्या कितीतरी मुलांसाठी समुद्र हा मामाच्या किंवा आत्याच्या गावाचा भाग असतो. मुक्कामाचा खर्च वाचतो हा लाभ आहेच, पण त्याहून मोठा लाभ असा की मामेभाऊ-मामेबहिणी बरोबर असतात, आणि समुद्र सवयीचा झालेल्या मुलाने तो प्रथमच पाहणाऱ्या मुलाला हाताला धरून दाखवावा, याची सर कोणत्याही वाटाड्याला येत नाही. पाहुणचाराचा भार यजमानांवर पडू नये म्हणून किनाऱ्यावरचे एक जेवण तरी खान्देशातूनच न्यावे. दुधात मळलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी हा शिधा दोन दिवस सहज टिकतो, आणि त्याच्या जोडीला डुमसची प्रसिद्ध टोमॅटोची भजी किंवा हिवाळा असेल तर सुरतेचा पोंक, म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा, घेतला की मुलांना आपल्या शेतातलेच धान्य समुद्राकाठी वेगळ्या नावाने खाल्ले जाताना दिसते.

किनारा मात्र एकच निवडावा, याबद्दल तडजोड असू नये. सुरतेपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेले डुमस, नवसारीजवळचे दांडी, वलसाडजवळचे काळ्या वाळूचे तिथल, किंवा महाराष्ट्रातच राहायचे असल्यास पालघर जिल्ह्यातील चिकूच्या वाड्यांनी वेढलेले बोर्डी, यांपैकी कोणताही एक किनारा पुरेसा आहे. कोकणातील किनारे अधिक देखणे असले तरी दोन-तीन दिवसांच्या सहलीतील बराचसा वेळ तिथे पोहोचण्यातच जातो. एका किनाऱ्यावर राहण्याचा आग्रह अशासाठी की मुलांना समुद्राची एक पूर्ण भरती आणि एक पूर्ण ओहोटी पाहता यावी. सकाळी जिथे पाणी होते तिथे दुपारी चिखल दिसतो आणि संध्याकाळी पुन्हा पाणी येते, ही गोष्ट पुस्तकात वाचलेल्या मुलालाही प्रत्यक्ष पाहीपर्यंत खरी वाटत नाही, आणि पाच ठिकाणे धावत पाहणाऱ्या कुटुंबाला ती कधीच दिसत नाही.

भरती-ओहोटीचे गणित मुलांनी स्वतः करावे, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातील भिंतीवरचे कालनिर्णय पुरते. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी साधारणतः दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते, त्यामुळे पाणी फार वर चढते आणि तितकेच खाली उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींना काटकोनात पडल्याने चढउतार कमी होतो, त्याला भांग म्हणतात. मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर वेळ काढण्याची जुनी रीत अशी की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी: चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चौथीतल्या मुलालाही हे जमते. बोर्डीला जाणाऱ्यांना ही रीत ढोबळ अंदाजापुरती उपयोगी पडते, परंतु डुमस, दांडी व तिथल हे किनारे खंबातच्या आखाताच्या तोंडाशी व त्याच्या लगत असून आखातात जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, म्हणून तिथे मुलांनी काढलेली वेळ आणि स्थानिक कोळ्यांनी सांगितलेली वेळ यांतील फरक वहीत लिहून ठेवावा. तो फरक का पडला याचा विचार करताना मुले जे शिकतात, ते सहलीतील सर्वांत टिकाऊ शिक्षण असते.

हे गणित सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. खंबातचे आखात आत निमुळते होत जात असल्याने तिथे भरतीचे पाणी दाटत वर चढते. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार-पाच मीटरच्या घरात असतो, तर आखाताच्या आतल्या बाजूला भावनगरकडे तो दहा मीटरच्या आसपास जातो. डुमसला ओहोटीच्या वेळी पाणी खूप दूर जाते, सपाट ओला चिखल उघडा पडतो, आणि त्यावरून दूरवर चालत गेलेल्या माणसांना परतणाऱ्या पाण्याचा वेग लक्षात येत नाही. किनाऱ्यावर उतरवलेल्या मोटारी रुतून बसण्याचे प्रकारही तिथे वारंवार घडतात. गिरणेत किंवा विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाच्या आईवडिलांना त्याच्या पोहण्याचा भरवसा वाटतो, तो समुद्रात ठेवू नये, कारण ओढून नेणाऱ्या प्रवाहाशी त्या मुलाची कधी गाठ पडलेली नसते. लहान मुले असतील तर सप्तमी ते नवमी या भांगाच्या तिथी निवडाव्यात, पाणी घोट्यापर्यंतच राहील अशी मर्यादा आधीच ठरवावी, मुलांकडे पाहत राहण्याचे काम एका मोठ्या माणसाने मोबाइल खाली ठेवून करावे, आणि आषाढ-श्रावणात जाऊच नये.

डुमसला गेलेल्या अनेकांची निराशा होते, कारण चित्रातील पांढरी वाळू आणि निळे पाणी तिथे नसते; वाळू काळपट, पाणी गढूळ. या काळ्या वाळूभोवती भुताखेतांच्या गोष्टीही पसरलेल्या आहेत, पण मुलांना त्याहून विलक्षण अशी खरी गोष्ट सांगता येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या लाव्ह्यातून बेसॉल्ट हा काळा खडक तयार झाला, त्याची झीज होऊन खान्देशातील कापसाची काळी माती बनली, आणि हाच गाळ हजारो वर्षे तापी आपल्या मुखाशी वाहून आणत आली. आता त्यातील बराचसा हतनूर व उकाई धरणांत अडतो, तरी पायाखालचा तो चिखल आपल्याच शिवाराचा दूरचा नातेवाईक आहे हे कळल्यावर मूल त्याकडे तुच्छतेने पाहत नाही. शिवाय हाच चिखल जिवंत असतो: ओलसर त्वचेतूनही श्वास घेत पाण्याबाहेर राहणारे आणि परांच्या जोरावर सरपटणारे निवटे हे मासे, बिळाच्या तोंडाशी वाळूच्या बारीक गोळ्या रचणारे खेकडे, आणि हिवाळ्यात दूर देशांतून आलेले कुरव पक्षी पाहायला पांढरी वाळू लागत नाही. घाई नसलेले मूल एका बिळाजवळ अर्धा तास बसते, आणि त्या अर्ध्या तासात त्याला उठवण्याची घाई मोठ्यांनी करू नये.

घरातील आजी-आजोबांना या सहलीत वगळण्याची जी पद्धत पडली आहे ती खेदाची आहे. शेती आणि गुरेढोरे यांत आयुष्य गेलेल्या खान्देशातील अनेक वृद्ध स्त्रियांनी तापीची ओटी भरली, तिला दिवे सोडले, पण ती जिथे पोहोचते ती जागा कधी पाहिली नाही. नातवंडांसोबत आजीही समुद्र प्रथमच पाहत असेल, तर मुलांना प्रथमच असे कोणी भेटते जे वयाने मोठे असूनही त्यांच्याइतकेच नवखे आहे. त्यासाठी वाळूत खुर्ची नेणे आणि गाडीत खालचा बर्थ मिळवणे एवढाच काय तो जास्तीचा त्रास.

जरा मोठी, म्हणजे पाचवी-सहावीच्या पुढची, मुले असतील तर दांडी निवडावे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली पदयात्रा सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला तिथे पोहोचली, वाटेत सुरतेजवळ तिने तापी ओलांडली, आणि ६ एप्रिलला गांधीजींनी मीठ उचलून मिठाचा कायदा मोडला. ते जिथे राहिले ती सैफी व्हिला ही वास्तू आणि २०१९ मध्ये उभारलेले पदयात्रींच्या शिल्पांचे स्मारक तिथे पाहता येते. १९३० मध्येच अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी सोडून साने गुरुजी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि धुळ्याच्या तुरुंगात गेले. त्याच तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. दापोलीजवळच्या पालगडचा, कोकणात वाढलेला हा माणूस खान्देशच्या मुलांचा गुरुजी झाला आणि मिठासाठी पेटलेल्या चळवळीमुळे तुरुंगात गेला, हे किनाऱ्यावर बसून सांगितले की इतिहासाचा धडा आणि समोरचे खारे पाणी यांचा संबंध मुलांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

परतताना शंखशिंपल्यांऐवजी समुद्राचे लिटरभर पाणी बाटलीत भरून आणावे, जाड सुती कापडातून दोनदा गाळून स्टीलच्या पसरट ताटात घालावे आणि ताट गच्चीवर उन्हात ठेवावे. मोकळ्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या मुखाजवळ गोडे पाणी मिसळल्याने ते कमी भरतात, म्हणून डुमसहून आणि दांडीहून आणलेल्या पाण्याचे मीठ वेगवेगळे तोलून पाहण्यासारखे असते. खान्देशच्या उन्हात पाणी लवकर आटते, मात्र शेवटचे थोडे पाणी उरले असताना ते ओतून टाकावे, कारण मिठाचे खडे आधी धरतात आणि कडवट चवीचे मॅग्नेशियमचे क्षार त्या उरलेल्या पाण्यात राहतात. मिठागरातही याच कारणासाठी ते पाणी सोडून दिले जाते. घरी केलेले हे मीठ शुद्ध नसल्याने स्वयंपाकात वापरू नये. बरणीवर किनाऱ्याचे नाव, तिथी आणि वजन लिहून ते मुलांच्या कपाटात ठेवावे.