गुडघ्यातील गादी

पेढीवरच्या गादीवर मांडी घालून बसण्यात ज्यांचे आयुष्य गेले, सामायिकाची ४८ मिनिटे ज्यांनी सहसा चुकविली नाहीत, त्यांनाही साठीनंतर एखाद्या दिवशी उठताना गुडघ्यात कळ येते. क्ष-किरण चित्रात हाडे ठीक दिसतात. मग एम.आर.आय. होतो आणि अहवालात ‘मेनिस्कस टेअर’ हे शब्द येतात. पालिताण्याची यात्रा रद्द होते, मुलगा शस्त्रक्रियेची तारीख विचारू लागतो.

मेनिस्कस म्हणजे मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामधील चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चामय गाद्या; शरीराचा भार त्या पसरवून घेतात. एम.आर.आय.मध्ये चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने गुडघ्याची छेदचित्रे टिपली जातात. निरोगी गादी त्यांत काळी दिसते. तिच्यातील उजळ रेघ पृष्ठभागापर्यंत पोहोचली, तरच गादी फाटली असे मानतात. आतल्या आत राहिलेली छटा बहुधा झिजेची खूण असते. फाटीची जागाही महत्त्वाची. बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असल्याने तेथे टाके घालून ती सांधण्याची शक्यता असते. आतील भागात रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे असे एम.आर.आय. झाले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची गादी फाटलेली आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा कोणताही त्रास नव्हता! फिनलंडमधील १४६ रुग्णांच्या चाचणीतही (२०१३) झिजेमुळे फाटलेल्या गादीचा भाग दुर्बिणीद्वारे काढलेल्यांना, केवळ लुटुपुटीची शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा वर्षभराने विशेष अधिक आराम दिसला नाही. व्यापारी माणूस एका नोंदीवरून खाते बंद करीत नाही. येथे मात्र दोन शब्दांवर शस्त्रक्रिया ठरते.

म्हणून अहवाल हाती येताच तारीख न मागता, अस्थिरोगतज्ज्ञाने गुडघा स्वतः वळवून तपासला का, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम काही आठवडे करून पाहता येतील का, हे विचारावे. खेळताना पीळ बसून सुजलेला तरुण गुडघा किंवा अडकून सरळच न होणारा गुडघा यांची गोष्ट वेगळी. तेथे दिरंगाई नको. फाटलेला तुकडा सांध्यात सरकलेला असू शकतो, आणि तो नेमका कोठे आहे हे एम.आर.आय. चांगले दाखवितो. शरीरात पेसमेकर अथवा धातूची क्लिप असल्यास यंत्राच्या खोलीत जाण्यापूर्वी तसे अवश्य सांगावे.