नाव एक, मासे दोन

एखाद्या वस्तूवर बंदी घालणे सोपे असते. ती ओळखण्याचे साधन नागरिकाच्या हाती देणे अवघड. मागूर माशाबाबत नेमके हेच झाले आहे. विदेशी मागुराच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. बाजारात ‘थाई’ म्हणवला जाणारा हा मासा मूळचा आफ्रिकेतला. मीटरभराहून अधिक वाढणारा, इतर मासे फस्त करणारा. त्याचा देशी भाऊबंद लहानखुरा आणि आज स्वतःच नामशेष होण्याच्या धोक्यात. दोघेही बिनखवल्यांचे, दोघांनाही मिशांच्या चार जोड्या. लहान वयात त्यांच्यातील फरक सामान्य माणसाला कळणे कठीणच. मग गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडावा की नाही, हे गळ टाकून बसलेल्याने ठरवावे कसे? चूक झाली तर उपरा वाचतो आणि घरचा मरतो. जेथे ग्राहकाला पारख नसते, तेथे स्वस्त मालच चांगल्याला हुसकावतो, हा अर्थशास्त्राचा अनुभव येथेही लागू पडतो. तेव्हा दंडाच्या धमकीआधी जलाशयांच्या काठी आणि मासळीबाजारांत सचित्र मराठी फलक लागले पाहिजेत. जो नियम पाळणाऱ्याला समजत नाही, तो केवळ कागदावरच राहतो.