फुकट वस्तूंची राखण कोणी करावी?

गतवर्षी ह्या वार्षिकाच्या मराठी विभागाची मुद्रिते तपासत असता एका विद्यार्थ्याच्या सहलीच्या वर्णनाने आम्हांस बुचकळ्यात पाडले. 'सप्तशृंगीच्या गडावरून खालच्या दर्या फार सुंदर दिसल्या' असे त्यात छापले होते. नाशिक जिल्ह्यात दर्या कोठून आला, आणि तोही अनेकवचनी? हस्तलिखित काढून पाहिले, तो मुलाने 'दऱ्या' असेच शुद्ध लिहिले होते. चौकशी करता कळले की, ज्या यंत्रावर जुळणी झाली त्यावरील जुन्या टंकात मराठीचा हा अर्धा 'र' नव्हताच. जुळणी करणाऱ्याने नाइलाजाने त्याच्या जागी रफार दिला होता. मराठीत हा भेद क्षुल्लक नाही. तो पुसला गेला म्हणजे स्वयंपाकघरातील आचाऱ्यास आचार्यांच्या आसनावर बसविल्यासारखे होते!

पुढे तोच मजकूर शाळेच्या संगणक-खोलीतील एका यंत्रावर उतरविला, आणि दऱ्या जागच्या जागी आल्या. त्या यंत्रावर डेबियन नावाची कार्यप्रणाली आहे. तिच्यासाठी शाळेने एक पैसाही दिलेला नाही. मग ही सोय आमच्यासाठी कोणी केली, आणि आजही ती कोण सांभाळतो, हा प्रश्न आमच्या मनात आला. त्याचे जे उत्तर मिळाले ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, आणि त्यावरून आमचे जे मत बनले तेही त्यांच्यापुढे मांडावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

संगणकाच्या यंत्राकडून सर्व कामे करवून घेणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. डेबियनचा आरंभ १९९३ च्या ऑगस्ट महिन्यात ईअन मरडॉक ह्या अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने केला. ती कोणासही घेता येते, तिची घडण उघडी असते, आणि ती वाचण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची सर्वांस मोकळीक आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिची १३ क्रमांकाची आवृत्ती निघाली. तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे यंत्रावर सहज बसविता यावी अशी सिद्ध करून, नाव व क्रमांक घालून ठेवलेली एखादी आज्ञावली, एखादा टंक किंवा एखादा कोश.

ही पॅकेजे आपोआप भांडारात येऊन बसत नाहीत. प्रत्येकाच्या मागे कोणी एक माणूस, अथवा चार-सहा माणसांची मंडळी, नावानिशी उभी असते. तेथे त्यांस मेंटेनर म्हणतात. आम्ही त्यांस राखणदार म्हणू. मूळ कर्त्याने लिहिलेली आज्ञावली आणावयाची, तिचा परवाना तपासावयाचा, ती कोणकोणत्या दुसऱ्या पॅकेजांवर अवलंबून आहे त्याची नोंद ठेवावयाची, लोकांनी कळविलेले दोष निस्तरावयाचे, आणि चोरवाट सापडली तर ती तत्काळ बुजवावयाची, अशी त्यांची कामे आहेत. काहींस त्यांच्या मालकांकडून वेतन मिळते. परंतु पुष्कळजण दिवसाची नोकरी किंवा अभ्यास आटोपून रात्री हे काम करतात. राखणदाराने काम सोडले आणि दुसरा कोणी पुढे आला नाही, तर ते पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर होते. अशा अनाथांची एक यादीच डेबियनमध्ये ठेविलेली असते, आणि ती रिकामी पडल्याचे कोणी पाहिलेले नाही.

आमच्या दऱ्या ज्या टंकामुळे वाचल्या त्याचे नाव 'लोहित'. रेड हॅट कंपनीने तो मुक्त परवान्याखाली सर्वांस दिला, आणि त्याची जोपासना करणाऱ्यांत तिच्या पुण्याच्या कचेरीतील मंडळी होती. डेबियनमध्ये तो पॅकेज होऊन येतो, आणि तेथे त्याची निगा स्वयंसेवक राखतात. डेबियन यंत्रावर बसविताना मराठीतून सूचना वाचता येतात, तीही कोणा मराठी माणसांनी ओळीमागून ओळ भाषांतर करून ठेवल्यामुळेच. शिवाय हे काम एकदा करून संपणारे नव्हे. 'ॲ' हे अक्षर जगातील सर्व लिप्यांच्या युनिकोड नामक सूचीत २००८ साली दाखल झाले. सूचीत नाव आले म्हणून ते पडद्यावर उमटत नाही. त्यानंतर प्रत्येक टंकात कोणीतरी ते रेखाटून भरावे लागले. भाषा चालती आहे, तोवर तिची राखणही चालती ठेवावी लागते.

राखणदार एकटा पडला म्हणजे काय होते, ह्याचा धडा जगास २०२४ साली मिळाला. माहिती आवळून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे एक साधन आहे. ते बहुतेक सर्व लिनक्स यंत्रांवर असते. परंतु त्याचा सांभाळ कित्येक वर्षे फिनलंडमधील एकच गृहस्थ करीत होते. हे काम बिनपगारी छंदाचे आहे व आपली शक्ती अपुरी पडते, असे त्यांनी २०२२ मध्ये उघड लिहिले होते. काम मंदावले म्हणून अनोळखी नावांनी त्यांस टोचून बोलणारे पुष्कळ निघाले; मदतीस मात्र जिया टॅन असे नाव सांगणारी एकच व्यक्ती आली. तिने दोन वर्षांहून अधिक काळ गोडीगुलाबीने काम करून विश्वास संपादन केला, आणि अखेर २०२४ च्या आरंभी त्या साधनात चोरदरवाजा बसविला. तो डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचलाही होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्यास दुसऱ्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्यांनी त्याचा पिच्छा पुरविला आणि २९ मार्च रोजी हा कट उघडकीस आणला. डेबियनची स्थिर आवृत्ती बचावली. परंतु जगभरच्या यंत्रांची सुरक्षितता एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकून आपण सारे निश्चिंत झोपलो होतो, ही गोष्ट लाजिरवाणी होय.

येथे आमच्याच जिल्ह्यातील एका जुन्या वहिवाटीची आठवण होते. बागलाणात व शेजारच्या धुळे जिल्ह्यात मोसम, पांझरा इत्यादी नद्यांवर बंधारे घालून पाटाचे पाणी शेतांस देण्याची फड पद्धत कित्येक शतके चालत आली. पुढे मोठी धरणे झाल्यावर तिचे क्षेत्र आटले, तरी तिची शिकवण जुनी झालेली नाही. पाणी सर्वांचे होते; परंतु म्हणून पाट बेवारशी नव्हता. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्याचे काम लाभ घेणाऱ्या सर्वांनी वाटून घ्यावयाचे, पाणी कोणास केव्हा सोडावयाचे ते पाटकऱ्याने पाहावयाचे, पिकाची राखण जागल्याने करावयाची, आणि सुगीनंतर त्या दोघांस धान्याच्या रूपाने त्यांचा वाटा पोचता करावयाचा, असा रिवाज होता. पाणी मिळाले आणि पाटकरी उपाशी राहिला, असे गावाने होऊ दिले नाही. जे सर्वांचे, त्याच्या राखणीतही सर्वांचा वाटा, हे तत्त्व आमच्या शेतकऱ्यांस पोथ्या न वाचता ठाऊक होते.

आमचे मत असे की, ज्यांस पैसा देता येतो त्यांनी तो दिला पाहिजे. मोठमोठ्या कंपन्या ह्या मुक्त आज्ञावल्यांवर आपला व्यापार उभारतात. त्यांच्याकडून पाटकऱ्याचा वाटा आला पाहिजे. २०१४ च्या एप्रिलमध्ये 'ओपनएसएसएल' ह्या साधनातील 'हार्टब्लीड' नामक दोष उघड झाला, तेव्हा कित्येक कंपन्यांनी एकत्र येऊन अशा साधनांसाठी निधी उभा केला. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. तथापि विहीर खणली गेली, हेही थोडे नव्हे. पण सारा भार कंपन्यांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. आम्हीही ते पाणी पितो.

पालकांपैकी काहीजण म्हणतील की, मुलांनी बिनपगारी कामात वेळ दवडण्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास करावा. अभ्यास बुडवून हे काम करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु आठवड्यातील तासभर ह्याकडे दिला तर तो वाया जात नाही. दुसऱ्याने लिहिलेले बारकाईने वाचणे, दोष नेमक्या शब्दांत सांगणे, आपली चूक चारचौघांत मान्य करणे, आणि नवे काही करून दाखविण्याचा मोह आवरून जुने नीट चालते ठेवणे, हे गुण कोणत्या गुणपत्रिकेत मोजले जातात? तथापि केवळ मुलाचा लाभ होतो म्हणून त्याने हे करावे, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्याचे आपण घेतले त्याचे काही देणे लागतो, हे त्याला लहान वयातच समजावे, हा आमचा मुख्य हेतू आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आजच कोणी पॅकेज सोपविणार नाही, आणि तसे होणे योग्यही नाही. २०२४ चा प्रसंग ध्यानात ठेवा. विश्वास हळूहळूच मिळाला पाहिजे. परंतु लहान कामे तुमच्या आवाक्यातील आहेत. एखादे अक्षर मोडलेले दिसले तर 'चालत नाही' एवढेच म्हणून थांबू नका. कोणत्या आवृत्तीत, कोणता शब्द लिहिल्यावर, काय दिसले, ते व्यवस्थित कळवा. मराठी भाषांतरातील सदोष वाक्य सुधारून पाठवा. राखणदाराने उत्तर देण्यास विलंब केला तर त्यास टोचून बोलू नका. त्याचा दिवस तुमच्याइतकाच भरलेला असतो. आणि काम झाले म्हणजे दोन शब्द आभाराचे लिहा. ही मंडळी आपल्यापासून फार दूर आहेत असेही मानू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद भारतातच, केरळातील कोची येथे भरली होती.

ज्या विद्यार्थ्याच्या दऱ्यांवरून हे सारे सुरू झाले, त्याला आम्ही जुन्या टंकातील तो दोष कळविण्याचे काम दिले आहे. पत्राचा मसुदा त्याने दोनदा लिहिला व आम्ही दोन्ही वेळा परत केला, कारण त्यात रागच अधिक होता. तिसरा मसुदा चांगला उतरला आहे. तो जसाच्या तसा पाठवावा, असे आम्ही त्यास सांगितले आहे.