एका दिवसाची वाट : गंजाडची चित्रे आणि आपला गल्ला



सुरतेच्या वाचकांचा एक प्रश्न नेहमी असतो. तापीकाठ, जुना किल्ला आणि डुमसचा किनारा पाहून झाला, आता घरी आलेल्या पाहुण्यांना एका दिवसात कोठे न्यावे? त्यांच्यासाठी, आणि वापी, मुंबईकडील कुटुंबांसाठीही, या वेळी डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव सुचवितो. येथे मोठे देवालय नाही, राजवाडा नाही. तरीही व्यापारी घराने एकदा अवश्य जावे, असे हे स्थान आहे.

सकाळच्या गाडीने वलसाड, वापी, संजाण, घोलवड अशी स्थानके मागे टाकीत डहाणू रोडला उतरावे. नवकारशी गाडीतच पारता येते. घोलवड परिसरातील चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या तालुक्यातील वाड्या आजही हिरव्या दिसतात, त्यामागे एक कारण आहे. 1991 साली केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करून तेथील उद्योगांवर मर्यादा घातल्या. नफ्याला मर्यादा घातली की काय टिकते, हे येथे डोळ्यांनी पाहता येते. आपल्या परिग्रह-परिमाण व्रताचे याहून बोलके उदाहरण मुलांना दाखविण्यास सापडणार नाही.

डहाणूहून पूर्वेस चारोटीकडे निघाले की वाटेत गंजाड लागते. येथील कळंबीपाड्यात जिव्या सोमा म्हसे राहत. त्यांचा जन्म 1934 सालचा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. बालपणी आई गेली आणि त्या मुलाने बोलणेच सोडले; मातीत रेघा ओढून तो आपले म्हणणे सांगू लागला. वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाष्णी चौक लिहीत. चित्र ‘काढणे’ नव्हे, ‘लिहिणे’ हाच तेथील शब्द. गेरूच्या किंवा शेणाच्या सारवणावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, हातात बांबूची काडी आणि चौकात पालघट देवी. स्त्रियांचे हे लेखन म्हशांनी कागदावर आणि कापडावर आणले, आणि लग्नाच्या चौकाबाहेरचे शेत, जाळे, मुंग्या, पाखरे त्यात आणली. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली त्यांचे गंजाड येथेच निधन झाले. त्यांच्या घरात आणि आसपासच्या पाड्यांत चित्रलेखन आजही चालू आहे.

आता एक अनुभव सांगतो, त्यात अभिमानाचे काही नाही. आमचे दुकान कापडाचे. पहिल्यांदा गंजाडला गेलो तेव्हा सौभाग्यवतींच्या अंगावर आमच्याच दुकानातील वारली नक्षीची ओढणी होती. एका अंगणात वृद्ध चित्रकार कापडावर तारपा नाच लिहीत बसले होते. त्यांनी ओढणीकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, “शेठ, चित्र आमचं, पण हे हातचं नाही. नाच मध्येच तोडलाय.” पाहिले तर खरेच, नाचणाऱ्यांचा वेढा शिवणीपाशी अर्धाच कापला गेला होता आणि तारपा वाजविणारा दिसतच नव्हता. ज्याच्याभोवती सारे फिरतात, तोच गायब! “बाबा, आम्ही ही ओढणी हस्तचित्रित म्हणून विकतो,” हे वाक्य माझ्या ओठांवर आले आणि तेथेच थांबले.

परतीच्या वाटेवर मला तत्त्वार्थसूत्रातील अचौर्य अणुव्रताचे अतिचार आठवत राहिले. आचार्य उमास्वातींनी ते पाच सांगितले आहेत. चोराला साहाय्य, चोरीच्या मालाची खरेदी, कमी-जास्त मापे हे आपणांस ठाऊक असतात. पाचवा आहे प्रतिरूपक-व्यवहार : अस्सलाच्या जागी त्यासारखे दिसणारे दुसरे देणे. तूप आणि केशर यांच्या बाबतीत आपण हा दोष जाणतो. रेघेच्या बाबतीत तो कधी ध्यानी आला नाही. आज वारली चित्रांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे कायद्यानेही हे नाव कोणाही छापखान्याचे नाही. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधी आपल्या शास्त्राने हे सांगून ठेवले होते. छापील माल विकणे हा दोष नव्हे. तो हातचा म्हणून विकणे हा दोष आहे. त्या आठवड्यात आमच्या दुकानातील चिठ्ठ्या बदलल्या : ‘वारली नक्षी, छापील’. गिऱ्हाईक काही काळ थोडे घटले, हेही खरे सांगितले पाहिजे.

गंजाडला गेल्यावर दोन गोष्टी पाळाव्यात. चित्र घ्यायचे असेल तर एकच घ्यावे, पण हातचे घ्यावे. भावाची घासाघीस करू नये. एकेका कापडामागे किती दिवसांचे बसणे आहे ते आधी विचारावे, मुलांनाही ऐकू द्यावे. घरांची आणि माणसांची छायाचित्रे परवानगीवाचून घेऊ नयेत. तेही एक प्रकारचे अदत्तादानच.

पुढे वेळ असल्यास चारोटीजवळ सूर्या नदीचे पात्र पाहावे. पाण्यात उष्टे वा निर्माल्य टाकू नये, जलचरांचे ते घर आहे. तेथून जवळच विवळवेढे येथे महालक्ष्मीचे मंदिर आहे. चैत्र पौर्णिमेपासून मोठी यात्रा भरते, त्या दिवसांत गर्दी फार असते. एरवी हिवाळ्याचे दिवस सोयीचे. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांनी कार्तिकी पौर्णिमेनंतर बेत करावा. घरचे भोजन आणि उकळलेले पाणी बरोबर ठेवावे, आणि दिवस मावळण्यापूर्वी डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूंच्या सावलीत चौविहार उरकून गाडी धरावी.

घरी आणलेले ते एक चित्र आमच्या दुकानात गल्ल्याच्या मागे लावले आहे. नाचाच्या मधोमध तारपा वाजविणारा उभा आहे. माल मोजून देताना नजर तिकडे जाते, आणि चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते मी एकदा पुन्हा वाचतो.