दोरी ओढल्यावर कोण धावून येतं?

वर्षातून एकदा आमच्या मेलबॉक्समध्ये एक सर्व्हे येतो. ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ असं त्याचं भारदस्त नाव. तुम्हाला इथे काम करायची प्रेरणा मिळते का, तुमचं मत ऐकलं जातं का, अशी तीस-चाळीस विधानं असतात आणि प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. नाव गुप्त राहतं असं सांगतात, पण सहा जणांच्या टीममध्ये काय गुप्त राहणार? मग सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर हसत हसत म्हणतो, “मोकळेपणाने भरा, फक्त आपल्या टीमचा स्कोअर चारच्या खाली जाऊ देऊ नका.” सगळे हसतात आणि चार भरतात. हे वाक्य म्हणणारा माणूस दोन वर्षं मीच होतो, म्हणून ते मला शब्दशः पाठ आहे.

आपल्याकडे कामाच्या जागेविषयी चर्चा होते ती बहुतेक तासांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं विधान गाजलं. मधल्या काळात, २०२४ मध्ये, पुण्यात २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट मुलगी नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच गेली. कामाच्या ताणाने मुलगी गेली, असं लिहिलेलं तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. तासांचा प्रश्न खरा आहे आणि कायद्याने सुटायला हवा. पण दुसरा एक प्रश्न त्याखाली दबून जातो. एकाच माणसाला एका ठिकाणी रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येतो आणि दुसऱ्या ठिकाणी तोच माणूस न सांगता दहा मिनिटं जास्त थांबून काम नीट करून जातो. असं का होतं? मॅनेजर लोकांचं यावरचं उत्तर ठरलेलं असतं: “आजकालच्या पोरांना कामाची भूकच नाही.”

या उत्तराला सगळ्यात चांगलं प्रत्युत्तर मला एका मोटार कारखान्याच्या इतिहासात सापडलं. आमच्या धंद्यात भिंतीवर जो कानबान बोर्ड लावतात, ज्यावर कामाच्या रंगीत चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे सरकवतात, त्याची कल्पना टोयोटाच्या कारखान्यांतून आली आहे. त्याचं मूळ शोधता शोधता मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला पोचलो.

तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. कंपनीच्या सगळ्यात वाईट कारखान्यांत त्याची गणना होई. रोज वीस टक्क्यांवर कामगार गैरहजर. कामावर दारू, बेकायदा संप, तक्रारींचे ढीग. गाडीच्या दाराच्या पत्र्याआड रिकाम्या बाटल्या सोडायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कानाशी खडखड होत राहील, असले उद्योग कामगारांनीच पुढे सांगितले आहेत. १९८२ मध्ये कंपनीने कारखाना बंद केला. पोरांना भूक नाही म्हणायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना ‘नूमी’ या नावाने पुन्हा सुरू केला. बहुसंख्य कामगार जुनेच घेतले. युनियन तीच, ज्यांना ‘उपद्रवी’ म्हटलं जाई ते पुढारीही आत. शेकडो जणांना शिकायला जपानला पाठवलं. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली आणि दोनेक वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळपास पोचला.

बदललं काय होतं? जुन्या कारखान्यात एकच नियम होता, लाइन थांबता कामा नये. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे जाऊ द्या, मागाहून अंगणात दुरुस्त करू. नव्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. काही चुकतंय असं वाटलं की ओढायची. दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. तो येऊन विचारतो, काय अडलं, मी काय करू? ठरावीक वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. ज्या माणसाला काल “तुला विचारलं कोणी?” असं ऐकायची सवय होती, त्याच्या हातात आज अख्खा कारखाना थांबवायचा अधिकार होता.

दोरीमागे एक वचनही होतं. कंपनीवर फारच मोठं संकट आल्याशिवाय कामावरून काढणार नाही, हे करारात लिहिलं होतं. १९८८ मध्ये मागणी पडली, तेव्हा रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावलं, पण काढलं कोणाला नाही. माझ्या मते त्या वर्षी कामगारांचा खरा विश्वास बसला असणार. मंदीत मोडलेलं वचन लोक जन्मभर विसरत नाहीत.

हा कारखाना म्हणजे स्वर्ग नव्हता, हेही सांगायला हवं. आधी मिनिटातले सुमारे ४५ सेकंद प्रत्यक्ष काम होई, ते आता ५७ सेकंद होऊ लागलं. कामगार चळवळीतल्या काही अभ्यासकांनी या पद्धतीला ताणावर चालणारं व्यवस्थापन म्हणून झोडपलं आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आधार देणाऱ्या ठिकाणी माणसं जास्त राबतात. म्हणूनच आधार देणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते.

आता माझी दोरी.

चार वर्षांपूर्वी मी सात जणांचा टीम लीड होतो. विमा क्षेत्रातल्या एका क्लायंटचं काम होतं. टीममध्ये उदगीरची एक मुलगी नवीन होती, घरातली पहिली इंजिनिअर. क्लायंट कॉलवर असताना तिने एकदा एक शंका विचारली. शंका बरोबर होती, वेळ अडचणीची होती. कॉल संपल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, “हा प्रश्न आत्ताच विचारायचा होता का?” मी ते पाच मिनिटांत विसरलो.

दोन महिन्यांनी शनिवारी रात्री मोठं रिलीज होतं. जुन्या पॉलिसींची माहिती नव्या सिस्टिममध्ये न्यायची होती. काही जुन्या नोंदींत नूतनीकरणाची तारीखच कोरी होती आणि आमची स्क्रिप्ट कोऱ्या जागी भलतीच तारीख भरत होती. दीड वाजता काही हजार लोकांना एसएमएस गेले की तुमची पॉलिसी बंद पडली आहे. त्यातले कितीतरी म्हातारे असतील, मध्यरात्री फोन वाजल्यावर घाबरून उठले असतील. आमचा अख्खा रविवार निस्तरण्यात गेला. सोमवारी चौकशीची मीटिंग झाली. ‘कारण’ या रकान्यात ‘मानवी चूक, टेस्टिंगमध्ये सुटलं’ असं लिहिलं गेलं आणि पुढे त्या मुलीचं नाव. मी खोलीत होतो. स्क्रिप्ट मी तपासली होती, मंजुरी माझी होती. मी काही बोललो नाही.

त्या वर्षीच्या तिच्या अप्रेझलमध्ये मी लिहिलं: ‘पुढाकार कमी. कामात मनापासून गुंतलेली वाटत नाही.’

तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी टपरीवर चहा घेताना ती सहज सांगावं तसं म्हणाली, “सर, त्या कोऱ्या तारखा मला गुरुवारीच दिसल्या होत्या. पण तुम्हाला सांगायची भीती वाटली.”

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! पुढे उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात. या मोकळेपणाला त्यांनी पुढे १९९९ च्या शोधनिबंधात मानसिक सुरक्षितता असं नाव देऊन त्यावर सविस्तर मांडणी केली. ते वाचल्यापासून ज्या टीममध्ये सगळं आलबेल असतं तिची मला धास्ती वाटते. माझी टीम तशीच होती. सर्व्हेत आम्हाला चारच्या वर गुण होते.

‘एंगेजमेंट’ हा शब्द या अर्थाने अभ्यासात रुळवला तो विल्यम कान यांनी १९९० मध्ये. कामात माणूस स्वतःला कधी ओततो, याच्या त्यांनी तीन अटी सांगितल्या: कामाला अर्थ वाटला पाहिजे, बोलणं सुरक्षित वाटलं पाहिजे आणि अंगात तेवढं त्राण शिल्लक असलं पाहिजे. तिसरी अट आपल्यापैकी अनेकांना समजावून सांगायची गरज पडणार नाही. एका नोकरीत मी दर शुक्रवारी दुपारी कॅलेंडरवर ‘डॉक्टरची अपॉइंटमेंट’ लिहून जुम्याला जात असे. चार वर्षं! मला कोणी अडवलं नव्हतं. पण जेवणाच्या टेबलावरचे विनोद ऐकून मी स्वतःच ठरवलं होतं की न सांगितलेलं बरं. अशी राखणदारी करणाऱ्या माणसाचं निम्मं डोकं पहाऱ्यावर असतं, उरलेल्या निम्म्यात तो कोड लिहितो. त्याआधीच्या पहिल्या नोकरीत मात्र दीड वाजताची आठवड्याची मीटिंग एका शुक्रवारी अचानक तीन वाजता सरकली ती कायमची. आमचे मॅनेजर याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांच्यासाठी मी किती रात्री जागलो, याचा हिशेब कधी ठेवावासा वाटला नाही. घरी आजारी वडील असलेल्याला, बाळंतपणानंतर परत आलेल्या बाईला असंच कोणीतरी भेटावं लागतं.

हे सगळं कळल्यावर कंपन्या काय करतात? दोरी बसवतात. जनरल मोटर्सने लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस कारखान्यात नूमीची पद्धत न्यायचा प्रयत्न केला. टीम केल्या, नवे शब्द आले. पण वरिष्ठांचं लक्ष दिवसाला किती गाड्या निघाल्या यावरच राहिलं आणि हा नोकऱ्या कापायचा डाव आहे असं अनेक कामगारांना वाटत राहिलं. १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. आमच्या कार्यालयात टेबल टेनिस आहे, शुक्रवारी पिझ्झा आहे, भिंतीवर ‘तुमचं मत आम्हाला मोलाचं’ असं लिहिलेलं आहे. त्याच भिंतीखालच्या खोलीत त्या मुलीचं नाव रकान्यात गेलं.

बोट फक्त कंपन्यांकडे दाखवून भागणार नाही. हे मासिक वाचणाऱ्यांत शाळा, दवाखाने, वाचनालयं चालवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त आहेत, म्हणजे मालक आहेत. आपल्या संस्थांतल्या शिक्षिकेला पगार कधी मिळतो? तीन महिने थकलेल्या पगाराबद्दल तिने विचारलं की “ही खिदमत आहे, नोकरी समजू नका” असं आपण ऐकवतो, आणि तेही आपला स्वतःचा पगार एक तारखेला खात्यात जमा झालेला असताना. पालकांसमोर मुख्याध्यापकाला झापणारे अध्यक्ष मी पाहिले आहेत. त्याच मुख्याध्यापकाने मग गळक्या छताची गोष्ट बैठकीत काढायची कशी? आणि वर्षअखेरीस आपण म्हणतो, स्टाफमध्ये तळमळ उरली नाही. आधी पगाराची तारीख ठरवा आणि ती पाळा. मग तळमळीचं बोलू.

मी आता दुसऱ्या ठिकाणी टीम लीड आहे. प्रत्येक रिलीजच्या दोन दिवस आधी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, “कशाची धाकधूक वाटतेय?” पहिले दोन महिने कोणी काही बोललं नाही. मग मी माझ्याच जुन्या चुका सांगायला लागलो, उदगीरची ती गोष्ट सुद्धा. गेल्या महिन्यात नोकरीला आठ महिने झालेला एक मुलगा चाचरत म्हणाला, “सर, पेमेंटचं एक टेस्टिंग राहिलंय असं वाटतंय, नक्की नाही.” आम्ही रिलीज चार दिवस पुढे ढकललं. टेस्टिंग खरंच राहिलं होतं. क्लायंट चिडला आणि माझ्या वरिष्ठांनी ‘वेळापत्रक पाळण्यात कमी पडतो’ अशी नोंद केली, ती माझ्या अप्रेझलमध्ये येईल. त्या मुलाने त्यानंतर आणखी तीन शंका काढल्या. दोन चुकीच्या निघाल्या.

या आठवड्यात सर्व्हेची लिंक आली आहे. टीमला मी फक्त शेवटची तारीख सांगितली.