आजीचा मका
नाताळ जवळ आला की अमेरिकेतल्या कितीतरी मेक्सिकन घरांत तमालेंचा, म्हणजे कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थाचा, घाट घातला जातो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवायचा. सकाळी चोळून धुतला की सालं सुटतात. त्या चुन्यामुळेच पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. चार वर्षांची नात कणसाच्या पानावर पीठ थापते, किती झाले ते मोजते, एखादा फुटला तर का फुटला म्हणून आजीला स्पॅनिशमधून छळते. हे रसायनशास्त्र आणि गणित नाही तर काय? अशा आजीला बालवाडीने फक्त सणाला खाऊ घेऊन बोलवावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. याउलट ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये शिक्षण-संशोधक लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच मुलांच्या घरी पाठवलं, तिथले कामधंदे समजून घ्यायला. १९९२ साली ते लिहून प्रसिद्ध केलं. त्यातून वर्गात मेक्सिकन मिठाईचा धडा आला, आणि एका आईनेच ती करून दाखवली. १९६५ पासूनच्या अमेरिकन सरकारी ‘हेड स्टार्ट’ योजनेतल्या बालवाड्यांच्या धोरण मंडळात तर नियमानेच पालकांचं बहुमत असतं. मुलांना काय मोजायला, काय निरखायला द्यायचं, हे त्या आईबापांना त्यांच्या भाषेत विचारा, आणि तेही अभ्यासक्रम ठरण्याआधी.